स्वस्त गांडूळ, महाग गांडूळ

शेजारचे काका आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन दारात उभे होते. झाकणाला भोकं पाडलेली. आत कुजका पाला, भाज्यांची सालं, आणि त्यात लालसर गांडुळांचा नुसता गुंता. "तुझ्या पोरांसाठी," ते म्हणाले. पोरं म्हणजे माझे गार्टर साप, मी पाळलेले उत्तर अमेरिकी साप. "विकत कशाला आणतेस गं? माझ्या खताच्या टाकीत ढिगानं आहेत. ने लागतील तेवढी." मी डबा हातात घेतला, आत पाहिलं, आणि जमेल तितक्या गोड आवाजात नको म्हणाले. ही खतातली गांडुळं सापांना चालत नाहीत काका, त्यांना वेगळी जात लागते. काकांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "गांडुळात कसली आली जात?" म्हणाले आणि डबा घेऊन परत गेले. रागावले नव्हते. पण फुकट मिळणारं, प्रेमानं आणलेलं परत पाठवायचं आणि वर कारण हे असं सांगायचं, याची मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. कारण खरं होतं. फक्त दारात उभ्याउभ्या सांगून पटण्याइतकं छोटं नव्हतं.

काकांच्या टाकीतलं गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. बाजारात त्याला रेड विगलर म्हणतात. अंगावर एकाआड एक गडद-फिकट पट्टे, शेपटाकडे पिवळट झाक. एखादं बोटांच्या चिमटीत धरून जरासं दाबा. आधी ते जिवाच्या आकांतानं वळवळतं, इतर गांडुळांपेक्षा कितीतरी जास्त. मग पाठीवरच्या बारीक छिद्रांतून पिवळा द्रव पाझरायला लागतो. त्याला उग्र, आंबलेला वास असतो आणि साबणानं हात धुतल्यावरही तो नखांच्या कडांना राहतो. या द्रवात लायसेनिन नावाचं एक प्रथिन आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात स्फिंगोमायलिन हा एक स्निग्ध घटक असतो. लायसेनिन नेमकं त्याला जाऊन चिकटतं आणि आवरणाला आरपार भोक पाडतं. प्रयोगशाळेत तांबड्या रक्तपेशींवर ते टाकलं तर पेशी फुटतात. सापाला कणा आहे, मलाही आहे, पण मी काही गांडूळ गिळत नाही. साप पाळणाऱ्यांच्या गोतावळ्यात रेड विगलर खाऊन ओकलेल्या, मान टाकलेल्या, मेलेल्या पिल्लांच्या हकिकती इतक्या जणांकडून ऐकायला मिळतात की जुनीजाणती माणसं नवख्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट बजावतात. खतातलं नको.

त्या गांडुळाचा तरी काय दोष. कुजणाऱ्या ढिगात, जंतूंच्या भाऊगर्दीत त्याला राहायचं असतं. जिथं सगळंच सडतंय तिथं आपण न सडता टिकायचं म्हणजे अंगात काहीतरी जहाल लागणारच. आणि नेमक्या त्याच कारणांनी ते स्वस्त आहे. गर्दी चालते, उकाडा बऱ्यापैकी चालतो, खायला कचरा पुरतो. अंड्यांच्या एका कोषातून साधारण दोन ते चार पिल्लं निघतात आणि दोनेक महिन्यांत ती स्वतः कोष घालण्याजोगी होतात. एका टबाचे दोन टब होतात. कुणालाही, कुठंही, जवळजवळ बिनखर्चात हे जमतं.

सापाला चालणारं गांडूळ या प्रत्येक बाबतीत उलट्या टोकाला बसलेलं आहे. लम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, म्हणजे नाइटक्रॉलर. जाडजूड, ताणलं तर वीस-पंचवीस सेंटिमीटरचं, डोक्याकडे तपकिरी-जांभळट, पोटाकडे फिकट, शेपूट पसरट. दाबलं तर चिकट होतं, पण पिवळं काही सोडत नाही. हा प्राणी एकटा राहतो. जमिनीत सरळ खाली जाणारं, कधी दोन मीटरही खोल, स्वतःचं बीळ असतं त्याचं. रात्री अर्धं अंग बाहेर काढून, शेपूट बिळातच रोवून, आसपासची पानं ओढून नेतो. त्याला थंडावा लागतो. कोषातून बहुतेकदा एकच पिल्लू येतं आणि ते मोठं व्हायला वर्षभर घेतं. हे घरात वाढवायचं मी मनावर घेतलं होतं. खोल पिंप, माती, पाला, सगळा सरंजाम. मग कागदावर हिशेब मांडला. सापाच्या वाढत्या पिल्लांना आठवड्यातून दोनदा तरी घालावं लागतं. कोषाला एक पिल्लू आणि ते वाढायला वर्ष, या गतीनं गांडूळ माझ्या सापांना कधीच गाठू शकणार नव्हतं. पिंप आता पावसाचं पाणी साठवायला आहे.

म्हणजे जे पैदा करता येतं ते घालता येत नाही, आणि जे घालायचं ते पैदा करता येत नाही.

मग बाजारात हे नाइटक्रॉलर येतात कुठून? शेतातून, आणि तेही माणसांच्या हातांनी वेचून. कॅनडात दक्षिण ओंटारिओमध्ये हा मोठा धंदा आहे. दमट रात्री माणसं कपाळावर दिवे बांधून शेतांमध्ये वाकून चालतात. दोन्ही पोटऱ्यांना डबे बांधलेले. एकात वेचलेली गांडुळं, दुसऱ्यात भुसा, बोटं चिकट झाली की बुडवून कोरडी करायला. गांडूळ दिसलं की झडप घालून उपयोग नाही. त्याचं शेपूट बिळात घट्ट रुतलेलं असतं, जोर केला तर तुटतं. धरायचं, किंचित थांबायचं, त्याची पकड सैल झाली की अलगद ओढून घ्यायचं. पावलं जपून टाकायची, कारण जमिनीचा हादरा त्याला लगेच कळतो. चार्ल्स डार्विननं हे घरच्या घरी करून पाहिलं होतं. त्यानं गांडुळांपुढे शिट्टी वाजवली, बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला, त्यांना ढिम्म फरक पडला नाही. मग दोन गांडुळांच्या कुंड्या थेट पियानोवर ठेवून एक सूर दाबला, तशी दोन्ही गांडुळं बिळात पसार. 1881 साली त्यानं हे सगळं छापलं. उतारवयातला एवढा नावाजलेला माणूस गांडुळांपुढे वाद्यं वाजवत बसलाय, ही कल्पना मला आजही खुदकन हसवते. पण वाकून वेचणाऱ्यांच्या कमरांचा विचार आला की हसू मावळतं. मला महाग वाटणाऱ्या नाइटक्रॉलरच्या डबीच्या किमतीत एका माणसाच्या पाठीचा भाग आहे. बहुतेक माल मासे पकडायला गळाला लावण्यासाठी जातो. सापवाले आम्ही त्या बाजाराच्या कडेला उभे असलेले किरकोळ गिऱ्हाईक.

यातली आणखी एक गंमत मला फार उशिरा उमगली. हे गांडूळ मुळात तिथलं नाहीच. उत्तर अमेरिकेचा उत्तरेकडचा मोठा भाग हिमयुगात बर्फाखाली होता. तिथली जमीन हजारो वर्षं जवळजवळ गांडुळांवाचूनच होती. दक्षिणेकडे देशी गांडुळं टिकली होती, पण ती वर सरकतात फार सावकाश. आज उत्तरेत जी दिसतात ती बहुतांशी युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांबरोबर, रोपांच्या मुळांच्या मातीतून, जहाजांच्या वजनासाठी भरलेल्या मातीतून पोचली. लम्ब्रिकस त्यातलंच. गार्टर साप मात्र अस्सल उत्तर अमेरिकेचा. म्हणजे ज्याला आपण त्याचं 'नैसर्गिक अन्न' म्हणून पैसे मोजतो, ते त्या उत्तरेकडच्या सापांच्या ताटात गेल्या काही शतकांतच आलेलं आहे. आणि त्याआधी काय? बेडूक, मासे, गोगलगायी, जळवा. जे मिळेल ते. हा साप खाण्याच्या बाबतीत मुळात हट्टी नाही. हट्टीपणा करतो तो आपल्या पेटीत आल्यावर.

आणि तरीही गांडुळाची ओढ त्याच्यात कुठून तरी खोलवरून येते. 1967 साली गॉर्डन बर्गहार्ट या शास्त्रज्ञानं नुकत्याच जन्मलेल्या, तोंडात अजून एकही घास न गेलेल्या सापांच्या पिल्लांपुढे निरनिराळ्या प्राण्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले. ज्या जातीचं जे अन्न, त्या वासाला पिल्लांची जीभ जास्त लपलपली, काहींनी तर बोळ्यावरच हल्ला केला. गार्टरच्या पिल्लांनी गांडुळाचा वास ओळखला. कुणी शिकवलं नव्हतं. गार्टरची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि नंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. माझ्याकडची पिल्लं आली तेव्हा जेमतेम वीतभर होती, बोरूएवढी जाड. पहिल्या दिवशी बशीत गांडुळाचा तुकडा ठेवला तर एक जण घाईघाईनं तुकडा धरायच्या नादात भावाचंच शेपूट धरून बसला. तेव्हापासून जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या वेगळ्या पंगती.

काकांना मी हे सांगितलं असतं तर ते नक्की म्हणाले असते, मग वासावरून कळतंच की त्यांना, नको असेल ते सोडतील. तिथंच घोळ आहे. काही साप रेड विगलर तोंडात धरून थुंकतात, तोंड कागदावर घासत बसतात. पण काही सरळ गिळतात. भुकेलं पिल्लू वळवळणाऱ्या वस्तूबाबत फार चिकित्सा करत नाही. त्याच्या जिभेवर भरवसा ठेवून मी मोकळी होऊ शकत नाही.

बागेतली आपली आपण खणून काढावीत, हा सल्ला सर्वात जास्त मिळतो आणि मला त्याचीच सर्वात जास्त धास्ती वाटते. गांडूळ माती खातं. मातीत जे असेल ते खातं. रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं, फवारलेलं कीटकनाशक, हिरवळीवर टाकलेलं तणनाशक, हे सगळं त्याच्या अंगातून जातं, आणि काही गोष्टी अंगातच साठून राहतात. गांडूळ मात्र टुणटुणीत दिसतं. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एल्म झाडांना रोगापासून वाचवायला डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं. झाडांची पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि पुढच्या वसंतात ती गांडुळं टिपणारे रॉबिन पक्षी तडफडून मेले. गांडुळं जगली होती. मला ही हकिकत पाठ आहे, आणि म्हणून 'आमच्या बागेत कधीच काही फवारत नाही' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ओठांवर येतोच. आधीच्या मालकानं? कुंपणापलीकडच्यांनी? विचारत नाही सहसा. माणसं दुखावतात. माझं मत सरळ आहे. ज्या तुकड्याचा मागचा काही वर्षांचा इतिहास तुम्हाला स्वतःला माहीत आहे, तिथली लम्ब्रिकस खुशाल काढा. पावसानंतरच्या रात्री दिव्यावर लाल कागद लावून जा, लाल उजेड त्यांना कमी टोचतो. अशा वेळी खर्च खरोखर शून्यावर येतो. नाहीतर डबी विकत घ्या आणि तीही निरखून. गळासाठी विकली जाणारी काही गांडुळं माशांना दिसावीत म्हणून हिरवीगार रंगवलेली असतात. ती माशांनाच राहू द्यावीत.

विकत आणलेली असोत की खणलेली, मी ती लगेच देत नाही. ओल्या कागदाच्या चिंध्यांत एक-दोन दिवस ठेवते. तेवढ्यात पोटातली माती बाहेर पडते. कागदावर काळ्या गोळ्यांची नक्षी उमटते आणि गांडुळाचं अंग काचेसारखं अर्धपारदर्शक होतं. पाठीवरची लाल रक्तवाहिनी डोळ्यांनी दिसते, लाट सरकावी तशी हळूहळू डोक्याकडे धडधडत जाणारी.

ती दिसली की मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. मेणाचा काळा ट्रे, त्यावर पाण्याखाली तिरक्या टाचण्यांनी ताणून बसवलेलं गांडूळ, आणि "मधोमध कापू नका, रक्तवाहिनी तुटेल, किंचित बाजूनं घ्या" असं मागून ओरडणाऱ्या बाई. शाळेत ज्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणून फळ्यावर लिहिलं, त्याला कॉलेजात टाचण्या टोचल्या. तेव्हा माझा हात थरथरला होता आणि आज मी तेच गांडूळ कात्रीनं चार तुकडे करून बशीत घालते. थरथर कमी झालीय, गेलेली नाही. तुकडे वळवळत राहतात. शेपटाकडचा तुकडा तर जास्तच. पिल्लांना ते वळवळणंच हवं असतं. मोठी मादी अख्खं गांडूळ घेते. ती विळखा घालत नाही, दाबून मारत नाही, सरळ जिवंत गिळते. गांडूळ अंगावरचे बारीक काटे रोवून तिच्या जबड्याच्या कडेला धरून राहतं, शेपूट तिच्या डोळ्यावरून फिरवतं. ती जबड्याची एक बाजू पुढे सरकवते, मग दुसरी. शेवटी ओठांवर चिकट बुळबुळीत थर राहतो, तो ती कागदावर पुसते. हे बघताना मी दोघांपैकी कुणाच्या बाजूची असते ते सांगता येत नाही. पोटभर खाल्लेल्या सापाचं समाधान मला होतं, हे खरं. डबीत उरलेल्यांकडे त्यानंतर थोडा वेळ बघवत नाही, हेही खरं.

मग मासे का देत नाहीस, असं विचारलं जातं. देते. पण तिथंही स्वस्ताईचा तोच सापळा. सर्वात स्वस्त मिळणारे मासे म्हणजे चाऱ्यासाठी विकले जाणारे छोटे गोल्डफिश आणि रोझी रेड. या दोन्हींत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब-1 जीवनसत्त्वाची नासाडी करतं. असेच मासे खाऊन वाढलेल्या सापाला पुढे झटके येतात, डोकं वाकडं होतं, आणि वेळेत ब-1 दिलं नाही तर तो जातो. साल्मन, ट्राउट, तिलापिया यांत ही भीती नाही, पण कापलेल्या तुकड्यात काटा आणि आतडी नसतात, त्यामुळे नुसत्या त्यावरही निभत नाही. गांडुळातही कॅल्शियमची बाजू लंगडीच, म्हणून अधूनमधून तुकड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरते. कुठलीच एक गोष्ट पुरी पडत नाही, हे या सापाच्या आहाराचं सूत्रच आहे. एक कीड घेतली, वर्षभर घातली, असं त्याच्या बाबतीत होत नाही. मीलवर्मसारख्या अळ्या तर तो बहुधा हुंगूनही बघत नाही.

युरोपियन नाइटक्रॉलर म्हणून एक मधला मार्ग सुचवला जातो. तो टबात वाढतो, रेड विगलरइतका नाही पण बऱ्यापैकी झपाट्यानं. कित्येक जण वर्षानुवर्षं तो घालत आले आहेत आणि त्यांचे साप धडधाकट आहेत. पण नात्यानं तो लम्ब्रिकसपेक्षा रेड विगलरला जवळचा, आणि छेडला तर तोही थोडा पिवळा द्रव सोडतो. तो घालणारे आणि न घालणारे यांच्यात वाद पेटला की मी त्यात पडत नाही. माझ्याकडच्या पिल्लांना मी तो देत नाही, एवढंच.

खर्चावर खरा उतारा आहे तो पिंकीचा, म्हणजे उंदराच्या केस न फुटलेल्या गोठवलेल्या पिल्लांचा. पोषण भरपूर, आठवड्याला एखादी पुरते, गोठवून ठेवता येते. अडचण इतकीच की गांडुळावर वाढलेल्या सापाला पिंकी म्हणजे अन्न आहे हे समजतच नाही. त्यासाठी ती गांडुळावर चोळायची, अगदी बुळबुळीत होईपर्यंत. मग गांडुळाच्या तुकड्याचं टोक साप गिळत असताना मागून पिंकी हळूच त्याच्या तोंडात सरकवायची. बहुतेक जण फसतात आणि काही खेपांनी न फसवताच घेऊ लागतात. नर बधला, एक-दोन पिल्लं बधली. मोठी मादी अजून बधलेली नाही. ती गांडुळाचा तुकडा पुरा गिळते, पिंकीपाशी येऊन थांबते, जबडा उघडून ती खाली टाकते आणि माझ्या बोटांकडे बघते. तेव्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली ती डबी तूर्त हलत नाही. भाव मध्येच चढले की आता मी विक्रेत्याशी हुज्जत घालत नाही. तिकडे पाऊस ओढ देतो, जमीन कोरडी पडते, गांडुळं वर येत नाहीत आणि वेचणाऱ्यांचे डबे अर्धेच भरतात. अशा वेळी मी एकाची दोन जेवणं करते आणि मधल्या वारी ट्राउट देते. मादी तो खाते, पण नाराजीनं.